जूनमधल्या आयर्नमॅनसाठी जर्मनीतला हिवाळा कसा वापरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुण्याहून फ्रँकफर्टला येऊन चौदा महिने झाले. वय ३९, आयटीतली नोकरी, मुलगी पाच वर्षांची. भारतात असताना गोव्याची ७०.३ (म्हणजे अर्ध्या अंतराची आयर्नमॅन) पूर्ण केली होती. आता जूनअखेरच्या फ्रँकफर्टच्या पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनला (३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं, सगळं एका दिवसात) नाव नोंदवलं आहे. थंडी सुरू झाल्यापासून दर रविवारी घरात ट्रेनरवर (सायकल अडकवून जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) चार तास सायकल मारतो, पण तिसऱ्याच रविवारी मन उडालं. उणे पाचात बाहेर धावलं तर फुप्फुसांना इजा होते का? महिन्याभरात दोनदा सर्दी-ताप झाला. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला जातोय, तेव्हा सायकल न्यावी का? की हे सगळं सोडून मार्चपर्यंत थांबावं आणि मग जोर लावावा?"

तुम्ही थंडीबद्दल विचारलंय, पण वाचताना मला अडचण वेळापत्रकाची वाटली. पुण्यात लांब राइडला निघणारा माणूस पहाटे साडेचारला उठतो, कात्रज-खंबाटकी करतो आणि ऊन चढायच्या आत, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत घरी परततो. हे वेळापत्रक पुण्याच्या उन्हाने आणि रहदारीने घडवलेलं आहे, आणि तिथे ते अगदी बरोबर आहे. तुम्ही ते जसंच्या तसं उचलून फ्रँकफर्टच्या डिसेंबरात मांडलंत. इथे सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. रस्ते ओले, पारा शून्याच्या आसपास. मग रविवारची ती चार तासांची राइड रस्त्यावरून बैठकीच्या खोलीत आली, आणि तिथे ती माणसाला तीन आठवड्यांत थकवते. यात तुमच्या जिद्दीचा काही दोष नाही.

मी दक्षिण जर्मनीत चौदा हिवाळे काढलेत, त्यातले बरेचसे अशाच स्पर्धांच्या तयारीत. गेली काही वर्षं इथल्या क्लबात नोकरी-संसार सांभाळणाऱ्या हौशी लोकांना शिकवते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: मार्चपर्यंत थांबू नका, आणि ट्रेनरवर चार तासही बसू नका. हिवाळ्यात सांभाळायची ती सलगता. लांबी एप्रिलपासून वाढवायची.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. गोव्यात १.९ किलोमीटर पोहताना तुमची दमछाक झाली होती की आरामात बाहेर आलात, यावर हिवाळ्यात पोहण्याला किती वेळ द्यायचा हे ठरेल. दमा किंवा लहानपणापासूनचा बाळदमा असेल तर थंडीत धावण्याचं गणित बदलतं. घरातून आठवड्याला किती तास खरोखर मिळतात, बायकोची नोकरी आहे का, मुलीला सकाळी कोण सोडतं, हेही तितकंच महत्त्वाचं. मी खाली जे लिहिते ते निरोगी माणूस, आठवड्याला नऊ-साडेनऊ तास आणि बऱ्यापैकी पोहता येतं असं धरून. तुमचे सातच तास निघत असतील तर सगळ्यातून थोडं थोडं कापा. एखादा खेळ पूर्ण बंद करू नका.

आता, लांबी एप्रिलमध्ये वाढवली तर चालेल असं मी का म्हणते? १८० किलोमीटरच्या सायकलिंगला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक म्हणजे हृदय, रक्ताभिसरण आणि स्नायूंची मूळ क्षमता. ती महिनोन्महिने, वारंवार, थोड्या थोड्या मेहनतीने वाढते. आठवड्यातून पाच दिवस एकेक तास केल्याने ती जितकी टिकते तितकी एका रविवारच्या चार तासांनी टिकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सहा-सात तास सीटवर बसण्याची सवय: एरोबारवर (पुढे वाकून कोपरं टेकवायच्या दांड्यांवर) मान न दुखता राहणं, चालत्या सायकलवर खाणं पचवणं, पाचव्या तासाला डोकं शांत ठेवणं. ही सवय दहा-बारा आठवड्यांत लागते आणि सोडली की तितक्याच लवकर जाते. डिसेंबरात कमावलेली ही सवय जूनपर्यंत उरत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि अचानक संध्याकाळी पावणेआठपर्यंत उजेड असतो. तिथून स्पर्धेपर्यंत जवळजवळ तेरा आठवडे राहतात. त्यात आठ-नऊ चांगल्या लांब राइड बसतात, आणि पहिल्या आयर्नमॅनला तेवढ्या पुरतात.

मार्चपर्यंत थांबण्याचा पर्याय मात्र दुसऱ्या कारणाने बाद होतो. दम तीन महिन्यांत वाढतो, पण पोटरीचे, टाचेचे, गुडघ्याचे स्नायुबंध इतक्या झपाट्याने तयार होत नाहीत. दर एप्रिलमध्ये आमच्या क्लबात हेच दिसतं. हिवाळाभर थांबलेली माणसं पहिल्या उबदार रविवारी वीस किलोमीटर धावतात आणि मे महिना टाचेला बर्फ लावण्यात घालवतात. ज्यांनी डिसेंबर-जानेवारीत आठवड्याला नुसते तीन वेळा चाळीस-पन्नास मिनिटं धावून पाय चालू ठेवले होते, त्यांना ही वाढ झेपते.

ट्रेनरबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमचा बहुतेक वेळ तिथे जाणार आहे. घरात सायकल मारून मोठ्या स्पर्धेची तयारी होते, यात शंका बाळगू नका. कॅनडातल्या ओंटारिओचा व्यावसायिक ट्रायथलीट लायनेल सँडर्स हिवाळाभर घरातल्या खोलीतच सायकल आणि ट्रेडमिल करायचा, आणि २०१७च्या हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत तो दुसरा आला. एप्रिल २०२०मध्ये लॉकडाउनच्या काळात जर्मन जगज्जेता यान फ्रोडेनोने स्पेनमधल्या आपल्या घरी अख्खी आयर्नमॅन केली: पोहणं उलट्या प्रवाहाच्या छोट्या तलावात, सायकल ट्रेनरवर, धावणं ट्रेडमिलवर, साडेआठ तासांच्या थोडं वर. पण या दोघांचं ते काम होतं. तुम्ही सोमवारी सकाळी नऊच्या मीटिंगला बसणार आहात.

ट्रेनरवर उतार नाही, सिग्नल नाही, पॅडल थांबवून हात झटकण्याची सोय नाही. रस्त्यावरच्या अडीच तासांत जेवढं पॅडल मारून होतं तेवढं ट्रेनरवर दोन तासांत होतं, हा माझा ढोबळ अनुभव आहे. म्हणून माझ्या लोकांना मी जानेवारीपर्यंत जास्तीत जास्त दोन तास सांगते, फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीनदा अडीच-तीन तास. आठवड्यात तीन वेळा बसा. त्यातल्या एका दिवशी कडक इंटरव्हल (जोराचे छोटे तुकडे, मध्ये विश्रांती) करा: चार-चार मिनिटांचे पाच, मध्ये तीन मिनिटं हलकं. दुसऱ्या दिवशी बारा ते वीस मिनिटांचे दोन-तीन तुकडे करा. बोलायला गेलात तर वाक्य तुटेल पण पाय पेटणार नाहीत, अशा जोरावर. तिसरा दिवस रविवारचा, दीड ते दोन तास शांत. इंटरव्हल घरात करण्याचा मोठा फायदा असा, की जोर अगदी हवा तेवढाच लावता येतो आणि काळोखात रस्त्यावरचा धोका नसतो.

तुमच्या वॉटचा (पॅडलवरच्या जोराचा) आकडा घरात कमी येईल, घाबरू नका. बऱ्याच जणांचा पाच ते दहा टक्क्यांनी कमी येतो, आणि मुख्य कारण उष्णता असतं. रस्त्यावर वारा अंगावरचा घाम उडवतो. खोलीत तो नसतो, त्यामुळे अर्ध्या तासात हृदयाचे ठोके त्याच जोराला दहा-पंधराने चढतात. मोठा पंखा घ्या, लहान टेबलफॅन उपयोगाचा नाही. खिडकी उघडी ठेवा आणि सुरुवातीला थोडं गार वाटू द्या. हॅन्डलवर टॉवेल टाका. हे कपड्यांसाठी नाही, सायकलसाठी आहे. घामातलं मीठ हॅन्डलच्या टेपखाली आणि स्टेमच्या (हॅन्डल धरून ठेवणाऱ्या भागाच्या) बोल्टांत मुरतं आणि अॅल्युमिनियम आतून खातं. मार्चमध्ये सायकल बाहेर काढण्याआधी टेप सोडवून हॅन्डल तपासून घ्या. एका उताराला हॅन्डल हातात येणं ही कल्पनाही करवत नाही.

पहाटे साडेचारची सवय मात्र इथे सोडावी लागेल. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ मानतात आणि रविवारीही आवाजाबद्दल लोक जागरूक असतात. ट्रेनरचा आवाज हवेतून फारसा जात नाही, पण कंप लाकडी जमिनीतून खालच्या घराच्या छतात उतरतो. खाली जाड रबरी चटई घाला, शेजाऱ्यांना एकदा भेटून वेळ सांगा. मी खालच्या आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी मला उलट आपली झोपेची वेळ लिहून दिली, आणि सात वर्षांत एकदाही कुरबूर झाली नाही. तळघरातली खोली मिळत असेल तर त्याहून उत्तम.

आणि ट्रेनरवर खायला शिका. स्पर्धेत तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं तरी पोटात जायला हवीत, सवय झाली तर त्याहून जास्त, आणि पोटाला त्याची तालीम लागते. रस्त्यावर पोट बिघडलं तर घर चाळीस किलोमीटरवर असतं, इथे स्नानगृह चार पावलांवर आहे. दर रविवारी दोन तासांत ठरवून खा-प्या, वहीत लिहा. खजूर, चिक्की, केळं, जेल, काहीही वापरा, पण मे महिना येईपर्यंत तुमच्या पोटाला काय चालतं हे ठरलेलं असू दे. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाण्याकडेही लक्ष हवं. राइडच्या आधी आणि नंतर वजन करून पाहा. पंख्याखालीही तासाला एक किलो सहज उतरतं, ते सगळं पाणी असतं.

बाहेर सायकल चालवायची का, याबद्दल माझा नियम कडक आहे आणि त्यामागे माझा एक मोडलेला हात आहे. इथल्या तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या एका सकाळी फोनवर अधिक दोन अंश पाहून मी निघाले. रस्ता नुसता ओला दिसत होता. ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, झाडांच्या सावलीत, पुढचं चाक सरकलं आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, नंतर दोन महिने व्यायाम, त्या वर्षीची स्पर्धा गेली. पुलाखालून थंड हवा वाहते, जमिनीची ऊब त्याला मिळत नाही, म्हणून आजूबाजूचा रस्ता ओला असतानाही पुलावर बर्फाचा पारदर्शक पापुद्रा जमतो. तो दिसत नाही. तेव्हापासून पारा तीन अंशांच्या खाली असेल तर मी रस्त्याची सायकल काढत नाही, इतरांनाही काढू देत नाही. शिवाय शून्य अंशात ताशी तीसच्या वेगाने गेलात तर अंगाला उणे सहा-सात अंशांचा गारठा लागतो. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबायला उशीर होतो. बाहेर जायचंच असेल तर जुनी माउंटन बाइक घ्या आणि फ्रँकफर्टजवळच्या टाउनुस डोंगरातल्या जंगलवाटांवर जा. वेग कमी, त्यामुळे वारा कमी लागतो, आणि पडलात तरी पालापाचोळ्यावर. बुटांवरून ओव्हरशूज घाला. डोक्याला हेल्मेटखाली पातळ टोपी आणि हातात खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन-दोन बोटांचे जाड हातमोजे असू देत.

धावण्याच्या बाबतीत मी याच्या उलट सांगेन: बाहेर जा. उणे पाचात फुप्फुसं गोठत नाहीत. नाका-घशातून आत जाताना हवा उबदार होते, खोलवर पोचेपर्यंत ती शरीराच्या तापमानाला आलेली असते. त्रास होतो तो कोरडेपणाचा. थंड हवेत ओलावा फार कमी असतो, श्वासनलिका तो स्वतःच्या अस्तरातून पुरवतात आणि जोरात श्वास घेताना त्या आक्रसतात. म्हणूनच कडक इंटरव्हलनंतर घसा खवखवतो आणि अर्धा-पाऊण तास कोरडा खोकला येतो. यातून सरळ निष्कर्ष निघतो: हळू धावणं बाहेर, जोराचं आत. नाका-तोंडावर बफ (गळ्यातली नळीसारखी कापडी पट्टी) ओढला की तुमच्याच उच्छ्वासाचा ओलावा आत जाणाऱ्या हवेला मिळतो. आंतरराष्ट्रीय स्की फेडरेशन क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या स्पर्धांसाठी उणे वीस ही मर्यादा पाळते, फ्रँकफर्टचा हिवाळा त्याच्या जवळपासही जात नाही. पण धावल्यावर छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन फुप्फुसांची चाचणी करा. थंडीत उघड होणारा दमा अनेकांना मोठ्या वयात पहिल्यांदा कळतो आणि त्यावर साधा पंप पुरतो.

कपड्यांचं एक सूत्र लक्षात ठेवा: बाहेर आहे त्याहून दहा अंश जास्त आहे असं समजून घाला. दारात उभं राहिल्यावर थोडं कुडकुडायला हवं. नव्याने आलेले आपले लोक घाबरून तीन थर चढवतात, पंधरा मिनिटांत आतून भिजतात आणि मग थांबल्यावर खरी हुडहुडी भरते. अंगाला लागून सुती बनियन नको, मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर हवा. निघण्याआधी घरात पाच मिनिटं पोटऱ्या, घोटे आणि खुबे हलवून गरम करा. परत आल्यावर ओल्या कपड्यांत चहा पीत उभं राहू नका, आधी कपडे बदला.

बर्फ ताजा आणि भुसभुशीत असेल तर त्यावर धावणं सुंदर असतं. फ्रँकफर्टच्या श्टाट्सवाल्ड जंगलात बर्फ पडल्यावरची शांतता मी कधी विसरणार नाही. धोका वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचा. त्या दिवशी ट्रेडमिल. घरासाठी ट्रेडमिल विकत घेऊ नका, अशा दिवसांची संख्या फ्रँकफर्टमध्ये थोडी असते, जिमचं महिन्याचं सदस्यत्व स्वस्त पडेल. त्याच जिममध्ये आठवड्यातून दोनदा अर्धा तास ताकदीचा व्यायाम करा: बैठका, डेडलिफ्ट, एका पायावर टाच उचलणं, कंबरेसाठी प्लँक. या व्यायामाला उन्हाळ्यात वेळ मिळत नाही आणि स्पर्धेतल्या शेवटच्या पंधरा किलोमीटरला त्याचाच आधार असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी वजन वाढवत न्या, एप्रिलनंतर आठवड्यातून एकदा पुरे.

आता सर्दी-ताप. पाच वर्षांची मुलगी किंडरगार्टनला जात असेल तर महिन्यातून दोनदा घरात काहीतरी येणारच. ते थंडीत धावल्यामुळे झालं असं समजू नका. विषाणू बंद, गरम खोल्यांतून पसरतात. तुमची चूक कुठे होत असावी हे मात्र मला दिसतं: अंग कणकणत असताना रविवारचे चार तास बुडू नयेत म्हणून बसलात का? आपल्याकडे आजारपण अंगावर काढण्याला बळाची खूण समजतात. इथे तसं करू नका. नाक वाहतंय, घसा थोडा खवखवतोय, एवढंच असेल तर अर्धा तास हलकं चाललं तर चालतं. ताप, छातीत कफ, अंगदुखी, पोट बिघडलेलं, यांतलं काहीही असेल तर पूर्ण बंद. ताप उतरल्यावर आणखी दोन-तीन दिवस जाऊ द्या. तापात जोर लावल्याने हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि ती सहज घ्यायची गोष्ट नाही. हिवाळ्याच्या आराखड्यात मी प्रत्येकाचे तीन आठवडे आजारपणासाठी आधीच वजा करून ठेवते. मग ते बुडाले तरी माणूस चिडून दुप्पट करायला जात नाही.

याच सुमाराला रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घ्या. या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च ऊन इतकं तिरपं असतं की त्वचेत ते पुरेसं तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला तर जास्त ऊन लागतं. डोस डॉक्टरांना ठरवू द्या. भारतातून आणलेली साठ हजार युनिटची पाकिटं मनाने घेऊ नका.

पोहण्यासाठी हिवाळा हा सगळ्यात चांगला काळ आहे, कारण बाकी दोन खेळांना लांबी नसते आणि बंदिस्त तलावात पाणी कोमट असतं. जवळच्या ट्रायथलॉन क्लबचं सदस्यत्व घ्या. वर्षाची फी फार नसते आणि संध्याकाळच्या राखीव लेन मिळतात. एरवी सार्वजनिक वेळेत तुम्ही आज्या-आजोबांच्या रांगेत अडकता. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, त्या वेळी तलाव त्यांचा असतो. शिवाय काठावर उभं राहून तुमचा हात पाहणारा कोणीतरी मिळतो. पुण्यात टँकवर नुसत्या लांबीमागून लांबी मोजत पोहलेल्या माणसाला याची फार गरज असते. डिसेंबरात एका वेळी पन्नास-शंभर मीटरचेच तुकडे करा आणि प्रत्येकात एकच गोष्ट पाहा: श्वास घेताना डोकं वर उचलतोय का, पाय बुडतायत का, कोपर खाली पडतंय का. फेब्रुवारीपासून दोनशे, चारशे करत वाढवा. मार्चअखेर एकदा अडीच किलोमीटर सलग झालं की ३.८ची चिंता मिटते.

एक नवी गोष्ट तुमच्यासमोर येणार आहे. गोव्यात मिरामारला समुद्र कोमट होता, वेटसूट (ऊब धरणारा रबरी पोहण्याचा पोशाख) नव्हता. इथे लांगेनर वाल्डझेला, म्हणजे स्पर्धेच्या तळ्यात, उतराल तेव्हा बहुतेक वेटसूट असेल. हौशी स्पर्धकांना तो २४.५ अंशांपर्यंत चालतो आणि १६च्या खाली सक्तीचा होतो. तो खांद्यांत आवळतो, छातीवर दाबल्यासारखा वाटतो. मार्चमध्ये तलावात परवानगी काढून दोनदा घालून पोहा. मेमध्ये तळ्यात पहिल्यांदा उतराल तेव्हा पाणी पंधरा-सोळा अंशांचं असू शकतं. गार पाणी चेहऱ्याला लागताच श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा होतो, कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी. दोन-तीन मिनिटांत तो शांत होतो. तोपर्यंत काठाजवळ उभं राहून चेहरा पाण्यात बुडवा, मानेत पाणी सोडा, मग पोहायला लागा. आणि एकटं कधीही जायचं नाही.

इथवरचं एका ठिकाणी मांडते. आठवड्यात तीनदा ट्रेनर, तीनदा धावणं, दोनदा पोहणं, दोनदा अर्धा तास ताकद. फेब्रुवारी-मार्चमधल्या त्या दोन-तीन लांब ट्रेनर-सत्रांखेरीज कोणतंही एक सत्र दोन तासांच्या वर नाही. तीन आठवडे चढतं, चौथा हलका. फेब्रुवारीपर्यंत हेच. मार्चमध्ये हळूहळू बाहेर, एप्रिलपासून रविवार लांब: आधी ९० किलोमीटर, मग ११०, १३०, मेमध्ये दोनदा १५० आणि उतरल्यावर अर्धा तास धाव. तेव्हा आठवडे बारा-चौदा तासांचे होतील, आणि घरच्यांशी त्याचं बोलणं आत्ताच करा. हिवाळ्यातले रविवार तुम्ही मुलीला दिलेले असतील, तर मेमधले मागायला तोंड राहतं.

डिसेंबरातली पुण्याची सहल तर फायद्याची आहे. सायकल नेऊ नका. खोक्यात भरणं, विमानाचे पैसे, परत येऊन जोडणं, यात चार दिवसांची शक्ती जाते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी दहा-बारा अंश असतात, उजेड अकरा तासांचा. धावायला याहून चांगली हवा मिळत नाही. वेताळ टेकडीवर आठवड्यात चारदा धावा, तेही मातीवर. लांबी एकदम वाढवू नका, फक्त एक दिवस वाढवा. जुन्या ग्रुपबरोबर एखादी राइड उसन्या सायकलवर जरूर करा, मनाला बरं वाटेल, पण त्यांच्या जोराशी बरोबरी नको. ते त्यांच्या मोसमात आहेत. जाता-येता विमानात सर्दी लागते, म्हणून परतल्यावरचे चार दिवस नुसतं चालणं आणि हलकं पोहणं ठेवा.

राहिलं एक, जे या थंडीत कुणाच्या मनात येत नाही. तुम्ही गारठ्यात तयारी कराल आणि स्पर्धा कदाचित भट्टीत होईल. ३० जून २०१९ला फ्रँकफर्टच्या आयर्नमॅनला पारा चाळिशीच्या जवळ होता. महिलांत आघाडीवर असलेली सारा ट्रू शेवटचा जेमतेम किलोमीटर उरला असताना कोसळली आणि शर्यत पूर्ण करू शकली नाही. पुण्याचा माणूस म्हणून उन्हाची सवय आहे असं समजू नका. ती सवय काही आठवड्यांत उतरते, आणि तुम्हाला इथे येऊन वर्ष उलटलंय. ती परत लागायला दहा ते चौदा दिवस पुरतात. स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून तीन-चारदा व्यायामानंतर वीस-पंचवीस मिनिटं सॉनात किंवा गरम पाण्याच्या टबात बसा. काही हलक्या राइड दुपारच्या उन्हात करा. नाहीतर तोच ट्रेनर, तीच खोली, फक्त पंखा बंद आणि खिडकी लावलेली, पाऊण तास, हलक्या जोरावर, शेजारी भरपूर पाणी आणि मीठ ठेवून, घरात कोणीतरी असताना. चक्कर आली किंवा अंगावर काटा आला तर लगेच उतरा. स्पर्धेच्या आधीच्या शेवटच्या चार दिवसांत सॉना बंद ठेवा.